अजून उगवलं नाहीये!

आज झोपताना लेकीनं पुन्हा तेच पुस्तक पुढ्यात टाकलं, ‘द कॅरट सीड’. सलग चौथी रात्र! रूथ क्राउस यांचं १९४५ सालचं पुस्तक, चित्रं त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. मुलगा गाजराचं बी पेरतो. आई, बाबा, मोठा भाऊ सगळे म्हणतात, काही उगवायचं नाही. पठ्ठ्या वादच घालत नाही; रोज तण उपटतो, पाणी घालतो. चित्रात मात्र नुसती माती.

मी (डोळ्यांवर झोप, दुसरं काय) दोन पानं एकदम उलटली आणि पकडलो गेलो. “बाबा, थांब ना, अजून उगवलं नाहीये!” पान मागे घेऊन त्या रिकाम्या मातीवर बोट ठेवून बसली. शेवटी ढकलगाडीत न मावणारं गाजर आलं, तर बाईसाहेब ढाराढूर.