सहा आठवडे परक्या वर्गात

माध्यमिक शिक्षकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांपैकी मला सर्वाधिक व्यवहार्य वाटतो तो 'फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट' हा कार्यक्रम. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ साली अमेरिकेत जी देवाणघेवाण योजना सुरू झाली, तिचीच ही एक शाखा असून भारतात तिचे काम १९५० पासून कार्यरत असलेले युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन पाहते. निवड झालेले शिक्षक सुमारे सहा आठवडे एखाद्या अमेरिकी विद्यापीठात अध्यापनपद्धती, पाठनियोजन आणि तंत्रज्ञानाचा वापर यांचा अभ्यास करतात. परंतु माझ्या मते खरा लाभ आहे तो जवळच्या माध्यमिक शाळेत स्थानिक शिक्षकाच्या सोबतीने वर्ग पाहण्यात आणि घेण्यात. दहावीच्या निकालाभोवती फिरणाऱ्या आपल्या वेळापत्रकात दुसऱ्याचा तास शांतपणे पाहण्याची सवड कोणाला मिळते? (मुख्याध्यापकांची तपासणी हा निराळाच प्रकार.)

जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती याहून पुष्कळ दीर्घ, म्हणजे सुमारे दीड वर्षाची असते आणि तिच्या आरंभी जपानी भाषेचे शिक्षण दिले जाते. संशोधनाची ओढ असलेल्या तरुण शिक्षकाला ती अधिक मानवेल. मात्र अनुदानित शाळेतील शिक्षकाने इतक्या दीर्घ रजेविषयी संस्थाचालकांशी अर्ज भरण्यापूर्वीच बोलून लेखी संमती घ्यावी, कारण निवडीनंतर ही बोलणी फार अवघड होतात.