आमची वाटचाल: गमभन बाजूला ठेवल्यापासून

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी अक्षरपेट्या, म्हणजे लाकडी अक्षरपाट्यांचे संच, बनवतो. पालक आणि रेमेडियल (मागे पडलेल्या मुलांना जादा मदत देणारे) वर्ग हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. पेटी आजवर अनेकदा बदलली, ती बहुतेक वेळा अक्षरांच्या क्रमापायी. लाकूड, रंग वगैरे नंतर.

पहिली पेटी ग, म, भ, न अशीच लावलेली होती. हाताला वळण लागायला हा क्रम उत्तम. पण त्यात म आणि भ शेजारी येतात. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली कायमची अडचण) असलेल्या मुलाला दोन्ही अक्षरं कच्ची असताना एकदम दिली, की ती एकमेकांत मिसळतात आणि सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून उभी राहिलेली पद्धत सांगते: थोडं द्या, ठरलेल्या क्रमाने द्या, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, डोळा-कान-हात तिन्ही वापरा. तत्त्व आम्ही घेतलं. क्रम मात्र इंग्रजीचा होता, तो देवनागरीसाठी नव्याने बांधावा लागला.

आता पहिल्या टप्प्यात पाचच अक्षरं आणि काना: क, म, ल, र, द. एवढ्यावर काका, दादा, दार, काम, लाल, मका हे शब्द लगेच वाचता येतात. भ थेट पाचव्या टप्प्यात. घ आणि ध हेही असेच एकमेकांपासून लांब. जोडीतली दोन्ही पक्की झाल्यावर मात्र मुद्दाम शेजारी ठेवायची आणि शिरोरेषेवर बोट फिरवायला लावायचं: भ आणि ध यांची रेषा तुटलेली, म आणि घ यांची सलग. पहिल्या खेपेला ही फट 2 मिमीची कापली होती. रंगाचा हात दिला आणि ती बुजली! आता 9 सेंमीच्या अक्षराला 6 मिमी फट ठेवतो.

दुसरी वेलांटी आम्ही पहिलीच्या आधी घेतो. ती अक्षरानंतर येते, आणि मराठीत शब्दाच्या शेवटी सहसा दीर्घच असते: काकी, मामी, कमी. (‘आणि’ हा अपवाद, तो सावकाश सांगावा.) पहिली वेलांटी खरी अडचणीची. कानाला आधी द ऐकू येतो, डोळ्याला आधी वेलांटी दिसते. मग ‘दिन’चं ‘दनि’ होतं. म्हणून मात्रा (काना, वेलांटीसारख्या स्वरखुणा) पारदर्शक पट्टीवर छापतो. मूल ‘द’ म्हणतं, पाटी ठेवतं, मग ‘इ’ म्हणत पट्टी वर सरकवतं. मात्रा सुरुवातीला लाल, तीन आठवड्यांनी काळी. लाल तशीच राहिली तर मूल रंग वाचतं, आकार वाचत नाही.

अक्षरावरचा पॉलिश पेपर 150 नंबरचा. 80 नंबर बोटाला खरचटतो, 320 लागतच नाही. गिरवायला आधी ताटात रवा सुचवायचो. पावसाळ्यात त्यात किडे झाले. आता चाळलेली रांगोळी, गडद रंगाच्या ताटात, थर 3 मिमीच. जाड थरात रेघ ढासळते.

तासिका 40 मिनिटांची: 5 उजळणी, 5 नुसतं ऐकून आवाज ओळखणं, 10 नवीन अक्षर, 10 श्रुतलेखन, 10 वाचन. उजळणीच्या 10 पाट्यांपैकी 9 बरोबर, असं सलग तीन तासिकांत झालं तरच पुढचा टप्पा. श्रुतलेखन गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते गाळू नये. वाचनात ‘मकला’, ‘दारमी’ असे निरर्थक शब्द घालतो, कारण हुशार मूल ओळखीचा शब्द अंदाजाने ठोकून देतं आणि आपल्याला वाटतं वाचलं.

याच कारणाने पेटीत चित्रं नाहीत. ‘रंगीत चित्रं टाका, खप वाढेल’ हा सल्ला दर महिन्याला मिळतो. चित्र दिसलं की अक्षराकडे कोण बघतो?

पेटीने निदान होत नाही, हे विकतानाच सांगतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तपासणी आणि प्रमाणपत्राची वाट वेगळी.

सध्या जोडाक्षरांवर काम चाललंय. र चारदा रूप बदलतो: चक्र, ट्रक, तऱ्हा, सूर्य. रफार सर्वांत शेवटी ठेवलाय, कारण तो उच्चारात आधी येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्याची पट्टी अजून नीट जमलेली नाही. ‘सूर्य’मध्ये ती घसरून सू वर जाते. खाच करून बघतोय.