तुम्ही विचारलंत म्हणून: आई-वडिलांच्या नावाचा टोल

“देवळात लहान पोरसुद्धा घंटा वाजवतं, मग आमच्या आई-वडिलांच्या नावानं इथे एक टोल आम्हाला का देऊ देत नाही?” इंग्लंडमधल्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न चुकत नाही. जिन्यात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, विचारणारा दुखावून परततो. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

देवळातली घंटा जागची हलत नाही, आपण लोलक हलवतो. इथली घंटा मोठ्या लाकडी चाकासकट पूर्ण वर्तुळात फिरते. वाजवण्याआधी तिला झोके देत देत तोंड वर करून उलटी उभी करतात. मनोऱ्यात अशा अनेक घंटांचा संच असतो; त्यातली सगळ्यात जड घंटा पाचशे किलोची असणं काही विशेष नाही. एवढं वजन तोल साधून थांबतं ते ‘स्टे’वर, म्हणजे अॅश झाडाच्या लाकडाच्या एका दांड्यावर. खाली मात्र दोर निरुपद्रवी लोंबताना दिसतो. फसगत होते ती इथेच.

भरल्या मनानं आलेला माणूस दोर जोरात ओढतो. घंटा तोलावरून सुटते, वर्तुळ घेऊन दुसऱ्या बाजूनं वर येते. तिला वेळेवर आवरायचं असतं हे त्याला कुठून माहीत असणार? ती स्टेवर आदळते आणि स्टे मोडतो. तो मोडण्यासाठीच असतो, नाहीतर तो धक्का घंटेच्या सांगाड्याला बसेल. आता तिला अडवणारं काही उरत नाही. चाक फिरत राहतं, दोर गुंडाळत वर जातो, आणि ‘सॅली’, म्हणजे दोरावरची लोकरीची रंगीत मूठ, थेट छताकडे खेचली जाते. घाबरलेला हात अशा वेळी उलट घट्ट आवळतो. धरून राहिलेला माणूस दोराबरोबर उचलला जातो, मग खांदा निखळतो किंवा तो वरून आदळतो. दोराच्या वेटोळ्यात पाय असेल तर आणखी वाईट. “सोडा, भिंतीला लागा!” एवढंच ओरडता येतं. घंटा आपणहून शांत होईपर्यंत दोराला कुणी हात लावायचा नाही. नवा स्टे बसेपर्यंत ती घंटा बंद. आईच्या स्मरणाचा दिवस असा संपू नये.

पूर्वी माझं उत्तर इथेच थांबायचं: नाही म्हणजे नाही. नियम मी आजही सोडणार नाही. पण लांबून आईसाठी आलेल्या लेकीला स्टेचं यंत्रशास्त्र ऐकवून तिचं समाधान होत नाही, हेही खरं.

मग काय करता येतं? घंटा ‘खाली’, म्हणजे तोंड खाली असताना, तिला हलके झोके देऊन टोल देता येतो. टॉवर कॅप्टनचा, म्हणजे मनोऱ्यातल्या वादकांच्या प्रमुखाचा, हात दोरावर तुमच्या हाताच्या वर असतो. पहिल्या काही झोक्यांत आवाजच येत नाही. तेव्हा हिसका देऊ नका, लय धरा. पूर्वी पुष्कळ गावांत मृत पुरुषासाठी तीन वेळा तीन, स्त्रीसाठी तीन वेळा दोन आणि नंतर वयाच्या वर्षांइतके टोल देत. गावागणिक रीत वेगळी. ऐंशी टोल एकट्यानं देऊ नका, भावंडांनी आळीपाळीनं द्यावेत.

दुसरा मार्ग क्वार्टर पीलचा. आमची मंडळी घंटांचा क्रम सतत बदलत, निदान 1250 बदल करत, साधारण पाऊण तास वाजवतात. स्मरणासाठी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, म्हणजे एक फेरी खणखणीत, पुढची तिच्या प्रतिध्वनीसारखी दबकी. पट्टा ढिला राहिला तर गादी फिरते आणि खुला ठोकाच दबतो. आई-वडिलांची नावं या वादनाच्या नोंदीत तळटीप म्हणून जातात, तेव्हा ती नीट लिहून आणा. नावाची पाटी भिंतीवर हवी असेल, तर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते. त्यात महिने जातात. वर्षश्राद्धाच्या तोंडावर धावाधाव करू नका.

जिना अरुंद, गोल आणि झिजलेल्या पायऱ्यांचा असतो. वडीलधाऱ्यांना खाली अंगणातच बसवा, आवाज तिथेच चांगला ऐकू येतो.

एवढं करूनही कुणी म्हणतं, “पण खरं वाजवलं तुम्हीच ना?” माझ्याकडे याला उत्तर नाही. आमच्यातलेच काही जण म्हणतात, पाहुण्याच्या हाती तोंड खाली असलेल्या घंटेचाही दोर नको. मी देतो. कॅप्टन हजर असेल तरच.