उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या आणि बँडविड्थचे गणित

सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून गेल्या महिन्यात 17 इंची जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या चित्रनळीचा मॉनिटर खाली उतरवला. संगणक दुसऱ्या खोलीत असल्यामुळे तापकीर गल्लीतून 10 मीटर लांबीची बारीकशी व्हीजीए केबल (संगणकाचा चित्रसंकेत मॉनिटरपर्यंत नेणारी) आणली आणि पडद्यावर एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा पट्ट्यांचे चित्र लावून पाहिले. आडव्या पट्ट्या मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसत होत्या. तेच चित्र फिरवून पट्ट्या उभ्या केल्या, तेव्हा मात्र सगळा पडदा राखेसारखा करडा झाला.

अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा शेजारी उभा होता. चित्र नीट पोहोचायला केबलला किती बँडविड्थ, म्हणजे किती वारंवारतेपर्यंतचा सिग्नल वाहून नेण्याची क्षमता लागेल, याचा त्याने लगेच हिशेब मांडला: "मामा, ओळीत 1024 पिक्सेल, 768 ओळी आणि सेकंदाला 60 चित्रे; 1024 गुणिले 768 गुणिले 60, म्हणजे सुमारे 47.2 मेगाहर्ट्झ बँडविड्थ लागणार." या उत्तरात दोन चुका आहेत आणि त्या परस्परविरुद्ध दिशेने ओढतात, म्हणूनच ते वरवर पाहता पटण्यासारखे वाटते.

पहिली चूक परतीच्या प्रवासाची. इलेक्ट्रॉनांचा झोत उजव्या कडेला पोहोचला की त्याला डावीकडे परत यावे लागते आणि शेवटची ओळ संपली की खालून वर जावे लागते. या काळात पडदा काळा ठेवलेला असतो, पण वेळ खर्च होतोच. प्रमाणित वेळापत्रकात 1024 पिक्सेलांच्या ओळीला 1344 पिक्सेलांचा वेळ आणि 768 ओळींच्या चित्राला 806 ओळींचा वेळ धरलेला असतो. 1344 गुणिले 806 गुणिले 60 केले की 65 मेगाहर्ट्झ हा पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पिक्सेल पाठवण्याचा दर मिळतो. म्हणजे भाच्याचा आकडा कमीच पडला.

दुसरी चूक याच्या उलट आहे. सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे एक चढ आणि एक उतार, आणि त्यात एक पांढरा व एक काळा असे दोन पिक्सेल मावतात; म्हणून सर्वांत बारीक उभ्या पट्ट्यांची मूलभूत वारंवारता पिक्सेल क्लॉकच्या निम्मी, म्हणजे 32.5 मेगाहर्ट्झ असते. आडव्या पट्ट्यांत मात्र सिग्नल अख्खी ओळ एकाच पातळीवर राहतो आणि दर ओळीला एकदाच बदलतो. ओळींची वारंवारता सुमारे 48.4 किलोहर्ट्झ, तिच्या निम्मे 24.2 किलोहर्ट्झ. एकच नक्षी, फक्त काटकोनात फिरवलेली, पण वारंवारतेत 1344 पटींचा फरक! माझ्या केबलला 24 किलोहर्ट्झ सहज झेपत होते, 32 मेगाहर्ट्झ झेपत नव्हते.

सिंहगडावरच्या टॉवरकडे अँटेना वळवून आपण जे दूरदर्शन पाहत होतो, त्याचेही गणित याच वाटेने जाते. 625 ओळी, सेकंदाला 25 पूर्ण चित्रे, म्हणून प्रत्येक ओळीला 64 मायक्रोसेकंद. त्यातले चित्राच्या कामाचे 52. दिसणाऱ्या ओळी साधारण 575, परंतु चित्रातला बारकावा नेमका ओळींवरच पडेल असे नसल्यामुळे तिथे केल गुणकाचा, म्हणजे साधारण 0.7चा, कट लावतात आणि उरतात 402. पडदा 4:3 प्रमाणाचा, तेव्हा आडव्या दिशेला तितकाच बारकावा हवा असेल तर 537 बिंदू, म्हणजे 268 आवर्तने. ती 52 मायक्रोसेकंदांत बसवायची तर 5.2 मेगाहर्ट्झच्या आसपास लागतात. आपल्याकडच्या पाल-बी या प्रक्षेपण पद्धतीत चित्रासाठी 5 मेगाहर्ट्झ ठेवले होते, ते यावरून. दर खेपेला एकाआड एकच ओळी रेखाटण्याऐवजी सेकंदाला 50 पूर्ण चित्रे दाखवायची ठरवली असती, तर हा आकडा दुप्पट झाला असता आणि 7 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत तो मावलाच नसता.

संध्याकाळी दीड मीटरची जाड केबल जोडली. उभ्या पट्ट्या वेगळ्या दिसू लागल्या, पण त्यांच्या कडा आडव्या पट्ट्यांइतक्या करकरीत नव्हत्या. चौकोनी लहरीच्या कडा धारदार राहण्यासाठी निदान तिसरी संनादी, म्हणजे मूलभूत वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा घटक तरी पोहोचायला हवा, म्हणजे 97.5 मेगाहर्ट्झ. तेवढा या मॉनिटरचा अँप्लिफायर देत नसावा, हा माझा अंदाज; भाच्याच्या मते दोष जुन्या नळीतल्या झोताच्या जाडीचा आहे. पुढच्या रविवारी तो कॉलेजातून ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र, आणणार आहे.