तुम्ही विचारलंत म्हणून: बीट, खजूर आणि माझं रक्त

रामबागेतलं हळदीकुंकू असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर जिन्यात भेटलेली शेजारीण, प्रश्न एकच. "वजन कमी करायला केलेलं पोटाचं बायपास ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली, वजन उतरलं, मग अजून ही आयर्नची सलाईनं कसली? बीट खा, खजूर खा, रक्त आपोआप भरेल." एकदाच नीट सांगते.

मी खाते हो. बीट, खजूर, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळं खाते. पण अन्नातलं लोह रक्तात शिरतं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, आणि ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग वगळून वाट काढलेली आहे. जठराची पिशवी उरली एवढीशी, तिच्यात आम्लही कमी. भाजीतलं लोह सुटं व्हायला ते लागतं. शिवाय दर महिन्याला पाळी आहेच. यात माझा काही दोष नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते पूर्ण खरं नाही.

दुसऱ्या वर्षी मी आयर्नच्या गोळ्या बंद केल्या. कुणालाही न सांगता. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शी, वीट आला होता. शुगर-बीपीच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून तर पोट कापून घेतलं, आता परत जन्मभर गोळ्या का, हा माझा हट्ट. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी हे बजावलं होतं, मी मान डोलावली होती. तेव्हा डोक्यात फक्त वजनकाटा होता.

मग बर्फ सुरू झाला. मे महिना, त्यात इंदूरचं ऊन, कुणाला काय वाटणार? रात्री दोनला उठायचं, फ्रीजरमधला ट्रे पिळायचा, खडे पातेल्यात घ्यायचे आणि कडाकडा चावायचे. ट्रे संपला की फ्रीजरच्या भिंतीवरचा बर्फ चमच्याने खरवडायचा. दात शिवशिवायचे, तरी हात थांबायचा नाही. जुलै आला, पाऊस लागला. अंगावर शाल आणि तोंडात बर्फ. एका रात्री मुलीने दिवा लावला. मी फरशीवर बसलेले, मांडीवर पातेलं. "आई, रडतेयस का?" मला कळलंही नव्हतं. मग तिने विचारलं, "गोळ्या घेतेस ना?" मी म्हटलं, "हो."

सकाळी ओट्यावर अकरा न फोडलेल्या स्ट्रिप्स ओळीने मांडलेल्या होत्या. मसाल्याच्या डब्यांमागून तिने काढल्या होत्या. ओरडली नाही. "चल, रक्त तपासून येऊ," एवढंच म्हणाली. हिमोग्लोबिन 6.9, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, 4. बर्फ चावावासा वाटणं हे लोह संपत आल्याचं लक्षण असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. शिरेतून आयर्न दिल्यावर आठवड्याभरात ती ओढ गेली.

आता गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर दोन तासांनी, कॅल्शियम रात्री, कारण तेही लोहाच्या आड येतं. तुमच्याकडे पोहे घेते आणि चहाला नको म्हणते ते यासाठी. कृपा करून "अर्धा कप तरी" म्हणू नका. तपासणीत फेरिटिन आधी बघते. साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन मागाहून पडतं.

गोळ्या सोडल्या नसत्या तर सलाईन टळलं असतं का? डॉक्टर म्हणतात, कदाचित तरीही लागलं असतं. कधी मी ते वाक्य धरून बसते, कधी त्यावर माझाच विश्वास बसत नाही. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप आहे का, हेही विचारता. गुडघे धरून जिना चढणारी मी आठवते तेव्हा नाही म्हणते. ते पातेलं आठवतं तेव्हा गप्प बसते.

मुलगी अजूनही रविवारी स्ट्रिपमधल्या रिकाम्या खळ्या मोजते. मला राग येतो. तरी स्ट्रिप मीच तिच्या हातात देते.