पडद्यावरचा माळ

महिना सरत आला की आमच्या गोतावळ्यात माझी आठवण निघते, एरवी फारशी नाही. निरोप सुरू होतात. "पुढच्या महिन्याचं टाक की." "ह्या वेळी जरा पाण्याचं काहीतरी असू दे." "आकडे मोठे कर, चष्मा लावूनही दिसत नाहीत." फिरताना काढलेल्या फोटोंतून मी दर महिन्याला एक निवडतो, त्याच्या कोपऱ्यात त्या महिन्याच्या तारखा बसवतो आणि कंप्युटरच्या पडद्यावर लावायला नातेवाइकांना, मित्रांना पाठवून देतो. एवढाच उद्योग. पैसे नाहीत, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. माणसं दिवसभर त्या चित्रासमोर असतात. बघतात असं मात्र म्हणवत नाही, कारण त्याच्यासमोर बसून ती जीएसटीचे हिशेब करत असतात.

माझ्या मते फोटोसाठी याहून अवघड जागा नाही. दिवाणखान्यातल्या फ्रेमसमोर पाहुणा निदान क्षणभर थांबतो. मोबाइलवरचा फोटो अंगठ्याखालून सरकून जातो, त्याचा प्रश्न तिथेच मिटला. पडद्यावरच्या फोटोला मात्र तीस दिवस फायलींच्या मागे उभं राहायचं असतं. त्याने सारखं लक्ष वेधलं तर काम बिघडतं, आणि तो अगदीच दिसेनासा झाला तर मग कंपनीने दिलेला निळा रंग काय वाईट होता?

त्यातून जागेची ओढाताण. डावीकडे आयकॉनची रांग असते. माझ्या एका मित्राकडे तर रांग नाही, पूर्ण वसाहत आहे: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी बघितलेलं’. उजवीकडे माझ्या तारखा, खाली टास्कबारची पट्टी. जे काही दाखवायचं ते मधल्या भागात, तेही अंग चोरून. शिवाय माझ्या कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन आणि हल्लीचे बहुतेक पडदे सोळास नऊ. सहा हजार बाय चार हजार पिक्सेलचा फोटो असेल तर त्यातल्या ६२५ ओळी वरून किंवा खालून कापाव्याच लागतात. आकाश कापायचं की जमीन, हे दर महिन्याला नव्याने ठरवायचं.

उभे फोटो तर बादच. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तोलत रस्त्याने निघतात. सोलापुरात वर्षभरात याहून देखणं काही घडत असेल असं मला वाटत नाही. पण नंदीध्वज उंच, पडदा आडवा. सगळा ध्वज घ्यावा तर दोन्ही बाजूंना इमारती आणि बँकांचे फलक येतात, जवळून घ्यावं तर नुसती डोकी उरतात. सोलापूरचा माणूस आणि जानेवारीला नंदीध्वज नाही, हे आमच्या आत्याला अजून पटलेलं नाही.

काही जण सेटिंगमध्ये ‘फिल’ऐवजी चित्र ताणून बसवणारं ‘स्ट्रेच’ लावून ठेवतात, तो एक वेगळाच छळ. जुन्या चौकोनी मॉनिटरवर विजापूरचा गोल घुमट अशाने उभट होतो. आदिलशाही कारागिरांनी इतकी शतकं टिकवलेली गोलाई एका क्लिकमध्ये जाते, आणि लावणाऱ्याला काही खटकतही नाही.

आता खरी अडचण सांगतो. सोलापूरचा माणूस फिरायला निघाला की पश्चिमेकडे बघतो. महाबळेश्वर, ताम्हिणी, कोकण. "आपल्याकडं काय हाय बघण्यासारखं?" हे आमच्या गावाचं लाडकं वाक्य आहे, आणि ते म्हणताना आवाजात थोडा अभिमानही असतो. घाटातले फोटो देखणे येतात यात शंका नाही. पण त्यांच्यात हिरव्यावर हिरवं असतं, फांदीत फांदी, दगडावर शेवाळ, मधूनच धबधब्याची पांढरी रेघ. त्यावर तारखा ठेवल्या की अकरा आणि सतरातला फरक कळत नाही. मग तारखांमागे काळी पट्टी द्यायची. काळी पट्टी लावलेला धबधबा मला बघवत नाही.

याउलट नान्नजचा माळ घ्या. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात तो येतो. माळढोकांसाठी इथे १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, काळवीट मात्र दिसतात. माझा एक फोटो असा आहे: खाली तळाशी वाळलेलं पिवळं गवत, वर सगळं आकाश, आणि मधे जराशी डावीकडे मान वळवलेला एक काळवीट, तोही इवलासा. तारखांना हवी तेवढी जागा. आयकॉन कुठेही ठेवा. हा फोटो पाठवला तेव्हा तोच फायनलवाला मित्र म्हणाला, "ह्यात काय हाय बे? नुसतं गवत." पुढच्या महिन्याचं दिलं तरी त्याने तो काढला नाही. तारखा शिळ्या झाल्या, चित्र तेच. विचारलं तर म्हणतो, "राहू दे की. डोळ्याला तरास देत नाही."

माझ्या फोटोंना मिळालेली सगळ्यात मोठी दाद मी हीच धरतो. मागे ठेवायच्या चित्रात बघण्यासारखं काही नसणं हीच सोय असते, आणि त्या बाबतीत आमचा जिल्हा श्रीमंत आहे. क्षितिज आडवं, पडदा आडवा. झाडं मोजकी, तीही एकमेकांपासून अंतर राखून. बाभळीचं एक झाड तर नेहमी अशा ठिकाणी उभं असतं की माझ्यासाठीच कुणीतरी लावलं असावं.

हे मी नुसतं गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते ना? निळं आकाश, पांढरे ढग, बाकी काही नाही. चार्ल्स ओरियर नावाच्या छायाचित्रकाराने तो फोटो जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढला. तो मैत्रिणीला भेटायला गाडीने निघाला होता, वाटेत ही टेकडी दिसली. एरवी तिथे द्राक्षांचे मळे. वेलींना कीड लागल्यामुळे ते उपटले गेले होते आणि मोकळ्या जमिनीवर गवत उगवलं होतं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो म्हणून जानेवारीत हिरवं, उन्हाळ्यात तीच टेकडी आपल्यासारखीच पिवळी. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि सायबर कॅफेपासून तहसील कचेरीपर्यंत जिथे तिथे ती टेकडी दिसायला लागली. जगात सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या फोटोंत तिची गणना होते. आहे काय ती? पीक काढून टाकलेलं रान. माझ्या मित्राला तेव्हा विचारलं असतं तर म्हणाला असता, "ह्यात काय हाय बे?"

आमच्या लहानपणी भिंतीवरच्या कॅलेंडरांनी निसर्ग म्हणजे काय ते ठरवून टाकलं होतं. दिवाळी झाली की चादरीच्या दुकानातून एक यायचं, सराफाकडून एक, खताच्या दुकानातून एक. देवांची सोडली तर बाकीच्यांवर बर्फाचे डोंगर, लाकडी घर, निळं तळं. बरीचशी शिवकाशीला छापलेली असायची. तमिळनाडूत छापलेलं स्वित्झर्लंड सोलापूरच्या भिंतीवर, आणि बाहेर एप्रिलचं बेचाळीस अंश ऊन. चित्र आणि महिना यांचा संबंध असावा असं तेव्हा कुणाला वाटत नसे. गारवा वाटला म्हणजे झालं. मे महिन्याला लोक अजूनही माझ्याकडे पाणी मागतात ते त्यातूनच असावं.

मी मेला पाणी देतो, पण उजनीचं. भीमेवरच्या या धरणाचं पाणी उन्हाळ्यात पुरेसं उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ बाहेर येतं. भोवती भेगाळलेला गाळ, मागे उरलेलं पाणी. लोकांना पाणी मिळतं आणि मे मेच राहतो. हिवाळ्यात याच पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, त्यांनी माझे डिसेंबर बरेच सांभाळले. पण पक्ष्यांच्या फोटोंत एक पथ्य पाळतो. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फायलीत बहुतेकदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात, ते पुसूनच फाइल पाठवायची. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तिकडे पोचेपर्यंत त्याचा चोथा होतो.

या कामातली गंमत अशी की प्रत्येक महिन्याचं चित्र निदान एक वर्ष जुनं असतं. जुलैचा फोटो जूनच्या शेवटी पाठवायचा म्हणजे तो आधीच्या कुठल्यातरी जुलैत काढलेला असणार. महाबळेश्वरला याने बिघडत नाही, तिथला जुलै दरवर्षी जुलैच असतो. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या दहापट, आणि आमचा तेवढाही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. एका वर्षी सांगोल्याकडच्या हिरव्यागार बाजरीचा फोटो जुलैला लावला. आठवड्याभरात मामाचा फोन. "तुझ्या कंप्युटरवर पाऊस पडलाय व्हय रं? हिकडं अजून टिपूस न्हाई." तेव्हापासून जुलैला मी फक्त ढग देतो. ढग आले आणि गेले, असं इथे कुठल्याही वर्षी म्हणता येतं. आमचा मोठा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून नळदुर्ग किल्ल्यात बंधाऱ्यात बांधलेल्या पाणी महालावरून कोसळणारी बोरी नदी, ते नर-मादी धबधबे, मी सप्टेंबरसाठी राखून ठेवतो. नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात जातं हे मान्य, पण सोलापूरकराला ते घरचंच वाटतं.

तारखांचं काम फोटोपेक्षा किचकट. अक्षरांना मी ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरतो, आकडे देवनागरी, रविवार लाल. घरच्यांना एवढ्याने भागत नाही, चतुर्थी-एकादशीही हवी. दाते पंचांग आमच्याच गावचं, शंभर वर्षांहून जुनं, त्यामुळे तिथी चुकली तर तोंड दाखवायला जागा नाही. ते उघडून बसतो. चंद्रोदयाची वेळ मात्र कितीही आग्रह झाला तरी छापत नाही. सोलापूर मुंबईच्या साधारण तीन अंश पूर्वेला, म्हणून इथे चंद्र बारा-एक मिनिटं आधी उगवतो. इथली वेळ धरून डोंबिवलीतली वहिनी उपास सोडायला गच्चीत गेली तर तिला चंद्र दिसणार नाही आणि दोष माझ्या वॉलपेपरला. अमेरिकेतल्या भाच्यांची तर संकष्टीच कधीकधी वेगळ्या तारखेला पडते.

तारखेचा हा सोस आमच्या मातीतच असावा. भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग-कुडलच्या देवळात मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, आणि त्यावर शके ९४० असा स्पष्ट काळ आहे. म्हणजे इ. स. १०१८. संगमाचा फोटो मी मार्चला लावला होता. पाणी कमी, वाळू जास्त, तारखांना ऐसपैस जागा.

जागेचा हिशेब वर्ष सुरू होण्याआधीच करून ठेवावा लागतो, कारण महिने सारख्या आकाराचे नसतात. २०२६चा फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, चार ओळींत नेमका बसणारा. त्याला करडईचं फुललेलं शेतही चाललं. मे मात्र शुक्रवारी सुरू होतो आणि ऑगस्ट शनिवारी. दोन्ही ३१ दिवसांचे, म्हणून दोघांनाही सहा-सहा ओळी. मेची चिंता नाही, मेमध्ये सोलापूरचं आकाश पांढरं फटक असतं. ऑगस्टला मी मंगळवेढ्याच्या रस्त्यावरचं काळं रान काढलंय. तिथली मालदांडी ज्वारी रब्बीची, त्यामुळे ऑगस्टात मैलोन् मैल जमीन नांगरून, कुळवून मोकळी पडलेली असते. खाली काळं, वर राखाडी, झाड नाही, माणूस नाही. सहा काय, आठ ओळी बसतील.

आत्याला ते आधी दाखवलं. "अरे, श्रावणात काळं रान लावतात का कुठं?" मी पंचांग पुढे केलं. यंदा ज्येष्ठ अधिक, त्यामुळे सगळंच पुढे सरकलंय, श्रावण लागतो १३ ऑगस्टला. तोवर आषाढच. तिने पान नीट वाचलं, बोटावर दिवस मोजले आणि म्हणाली, "मग बारा तारखेपर्यंत हे तुझं ठेव. तेराला हिरवं पाठव."

तेव्हा यंदा ऑगस्टची दोन करतोय.