संगणकाला बरोबरी शिकवताना

सांगलीला अण्णांना घरच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनशी खेळता यावं म्हणून मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला. मोठा पट, ठळक मोहरी, बास. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांचा फोन. "अरे, तुझ्या मशीनला नियमच ठाऊक नाहीत. तीनदा तीच स्थिती आली, म्हणजे बरोबरी, तरी ते आपलं खेळतंच आहे."

अण्णा प्रत्येक डाव वहीत लिहितात. वहीच्या पानाचा फोटो मागवला आणि डाव पुन्हा मांडला. मशीन एक हत्ती वर होतं. अण्णांचा राजा कोपऱ्यातल्या दोन घरांत येरझाऱ्या घालतोय आणि मशीनही तेच करतंय. नियम पाळला नाही हे खरंच, पण जिंकत असलेलं इंजिन चाली परत का करेल, हेच मला कळेना.

नियमाचं उत्तर लवकर सापडलं. फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या नियमात तीनदा पुनरावृत्तीची किंवा प्यादं न हलता, काही न मारता ५० चाली झाल्याची बरोबरी आपोआप होत नाही, खेळाडूला ती मागावी लागते. आपोआप होते ती पाचव्यांदा तीच स्थिती आली किंवा तशाच ७५ चाली झाल्या की, आणि हे २०१४ पासून. मी वापरलेली पायथन-चेस लायब्ररीही तसंच वागते. 'डाव संपला का' असं नुसतं विचारलं, तर मागून मिळणारी बरोबरी ती मोजत नाही.

इंजिनच्या कोड्यात मात्र दोन रात्री गेल्या. चूक माझीच होती. प्रत्येक चालीनंतर मी स्थिती एफईएन या पट लिहायच्या पद्धतीनं एका ओळीत साठवत होतो आणि तेवढीच स्टॉकफिशला देत होतो. त्या ओळीत मोहरी, पाळी, किल्लेकोटाचे हक्क असतात, ५० चालींसाठीची मोजणीही असते, पण आधीच्या स्थिती नसतात. बिचाऱ्या इंजिनला प्रत्येक वेळी पट नवाच दिसत होता. सुरुवातीपासूनच्या सगळ्या चाली पाठवायला लागल्यावर तोच डाव पुन्हा लावला, तर त्यानं लगेच वेगळी वाट धरली.

मग 'बरोबरी मागा' असं बटण दिलं. बरोबरीचा प्रस्ताव हा वेगळा प्रश्न, कारण इंजिनशी बोलायच्या यूसीआय या भाषेत प्रस्तावाला शब्दच नाही. स्वीकारायचं की नाही, हे माझ्या प्रोग्रामनंच ठरवायचं. चाळिसाव्या चालीनंतर इंजिनचं मूल्यांकन शून्याच्या आसपास, म्हणजे डाव समसमान, असेल तर स्वीकारावं, असं मी सुचवलं. अण्णा म्हणाले, "त्याला शून्य दिसतं म्हणून मी का थांबू? मला खेळायचंय." म्हणून ते पसंतीवर ठेवलं, आणि सुरुवातीला बंद. मला त्यांचं पटलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "बटण उशिरा येतं रे." मी चाल खेळून झाल्यावर तिसरी पुनरावृत्ती मोजत होतो. पण अण्णांनी स्पर्धांमध्ये जन्मभर जे केलं ते असं: चाल आधी वहीत लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. चाल एकदा केली की पाळी समोरच्याची, आणि मागायचा हक्कही त्याचाच.

आता मोहरं निवडून घर दाखवलं की ते अजून हलत नाही. त्या चालीनं स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर बटण उजळतं. अण्णा आधी वहीत लिहितात, मग दाबतात.